वेचणी आणि व्यायाम

यवतमाळ

ती. मामीस,


काल फोनवर तुम्ही म्हणालात, "जन्मभर निंदलं, कापूस वेचला. आता व्यायाम आणखी कशाले?" तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मामी, शेतातला थकवा रात्रभर झोपलं की उतरतो. शेकाचा, म्हणजे रेडिएशनचा, थकवा झोपून उठल्यावरही अंगात असतो. शेक जसे पुढे सरकतात तसा तो वाढतो, संपल्यावरही काही आठवडे रेंगाळतो आणि मग हळूहळू ओसरतो. तो वाढला म्हणजे आजार बळावला, असं समजू नका. मात्र रक्त कमी असल्यानेही थकवा येतो, म्हणून डॉक्टरांना सांगाच.

सगळे म्हणतील, पडून राहा. पण सारखं पडून राहिलं की पायातलं बळ जातं आणि उद्या न्हाणीपर्यंत जातानाही दम लागतो. उपचार चालू असतानाही हलका व्यायाम करता येतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने तुमच्यासारख्याच स्तनाच्या कर्करोगाच्या 850 रुग्ण बायकांना घेऊन योगाचा अभ्यास केला, 2022 साली त्याचे निष्कर्ष मांडले. त्यातली आसनं सोपी, श्वासाची जोड असलेली आणि उपचारांच्या टप्प्यांनुसार बेतलेली होती.

आता तुमचा प्रश्न. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून अंग दमलं तरी हात थांबत नाही. व्यायामात दमण्याआधी थांबायचं. चालताना बोलता आलं पाहिजे; बोलता येईना तर चाल कमी करा.

दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी फोनवर पाठवलेला व्हिडिओ घरीच व्यायाम करता यावा यासाठी आहे. रोज शेकाला जाऊन आल्यावर व्यायामाच्या वर्गासाठी पुन्हा कोण जाणार? फोन फडताळावर उभा ठेवा. आधी दहा मिनिटं चाला, मग भिंतीवर बोटांनी हात वर चढवा, म्हणजे खांदा आखडणार नाही. काखेतली कातडी सोलवटली असेल तर हात राहू द्या, नुसतं चाला. ताप आला, चक्कर आली, छातीत दुखलं तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

आणि तेवढा वेळ चहा मामांना ठेवू द्या. धुणं-भांडी व्यायामात मोजायची नाहीत.

कॅलेंडरवर चाललेल्या दिवसाला खूण करत जा. रविवारी नागपूरला येते, तेव्हा खुणा मोजेन.

तुमची,
भाची