पंचांचे बोट

आमच्या हातात बॅट शोभत नाही, हे आमच्या वयाच्या बाराव्या वर्षीच आमच्या गल्लीने एकमताने ठरवून टाकले होते. चेंडू आमच्या हाती यावयाचा तो गटारातून काढून परत देण्यापुरताच. परंतु ज्याला खेळता येत नाही त्याने खेळावर मत देऊ नये, असा नियम क्रिकेटचे कायदे करणाऱ्या लंडनच्या क्लबानेही अद्याप केलेला नाही. आणि केला असता तरी तो नागपुरात कोणी मानला नसता. धरमपेठेत सकाळचे फिरणे आटोपून पोह्यांच्या ठेल्यापाशी जी आमची चौकडी जमते, तीत एक दंतवैद्य, एक वकील, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि चौथे आम्ही असे आहोत. पोह्यांवर तर्री पडेपर्यंत निवडसमितीचा निकाल लागलेला असतो, आणि तर्री संपेपर्यंत एखादा प्रशिक्षक बडतर्फ होतो. चाळीस वर्षांत आमचा एकही सल्ला कोणी ऐकलेला नाही. त्यामुळे आमचा एकही सल्ला चुकीचा ठरलेला नाही.

कप्तानाविषयी बोलण्याचा अधिकार नागपूरकरास जन्मतःच प्राप्त होतो, अशी आमची समजूत आहे. सी. के. नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी याच शहरात झाला. १९३२ साली लॉर्ड्सवर हिंदुस्थानचा संघ आपल्या पहिल्या कसोटीसाठी उतरला, तेव्हा दौऱ्याचे कप्तान वस्तुतः पोरबंदरचे महाराज होते. पण त्यांनी आपली खेळातील पायरी ओळखून बाजूस राहणे पत्करले आणि नागपूरच्या या साध्या गृहस्थाकडे नेतृत्व आले. आपण खेळात कच्चे आहोत हे ओळखणे हाही कप्तानाचा एक गुण आहे, आणि तो किती दुर्मीळ आहे हे अवघ्या चार वर्षांत दिसून आले. १९३६ च्या दौऱ्यावर विजयानगरमच्या महाराजकुमारांनी कप्तानपद स्वतःकडे ठेविले, आणि त्या दौऱ्यात लाला अमरनाथांसारखा खेळाडू अर्ध्यावरून बोटीने घरी परत पाठविण्यात आला. आमचे वकील मित्र म्हणतात की कप्तान जन्मावा लागतो. आम्ही म्हणतो, जन्मावा लागत असेल; पण राजवाड्यातच जन्मावा लागतो असे नाही.

तथापि कप्तानाची पारख करणे आम्ही समजत होतो तितके सोपे नाही, हे आम्हांस जामठ्याच्या मैदानावर कळले. वर्धा मार्गावरील ते नवे क्रीडांगण २००८ च्या नोव्हेंबरात कसोटीसाठी प्रथमच उघडले, आणि आम्ही रजा टाकून पाचही दिवस तेथे ठाण मांडून होतो. तिसऱ्या दिवशी धोनीने आठ क्षेत्ररक्षक ऑफ बाजूस आणि एकटा लेग बाजूस उभा केला, व झहीर आणि इशांत यांस ऑफ यष्टीच्या बाहेर चेंडू टाकीत राहण्यास सांगितले. धावा आटल्या; खेळ जणू झोपला. आमच्या ओळीतून ‘भित्रा, भित्रा’ असा घोष निघाला, आणि त्यात आमचा आवाज मुळीच लहान नव्हता. चौथ्या दिवशी चहापानाच्या सुमारास आपले ६ गडी १६६ धावांत परतले होते, आणि सामना हातचा जाण्याची चिन्हे होती. त्या क्षणी ऑस्ट्रेलियाच्या पाँटिंगने काय करावे? षटके टाकण्यात आपला संघ मागे पडला आहे, त्यापायी आपल्यावर बंदी येईल, या धास्तीने त्याने खऱ्या गोलंदाजांस बाजूस ठेवून हंगामी गोलंदाज लावले. धोनी आणि हरभजन यांनी १०८ धावांची भागी केली, आणि पाचव्या दिवशी ऑस्ट्रेलिया १७२ धावांनी हरली. ‘भित्रा’ म्हणणारे आम्हीच तेव्हा उभे राहून टाळ्या पिटीत होतो. पाँटिंगच्या त्या निर्णयाविषयी मात्र आमचे मत अजून पक्के होत नाही. सगळे जग त्याला हसले. परंतु नियम आहे तर तो पाळावा असे म्हणणारा मनुष्य संकटात सापडला की आपण त्यास हसतो, आणि नियम मोडणाऱ्यास धाडसी म्हणतो, हा आमच्या चौकडीचा न्याय आम्हांस तेव्हापासून खटकत आला आहे.

प्रशिक्षकाविषयी लिहिताना आम्हांस थोडे अवघडल्यासारखे होते, कारण तो आमच्याच धंद्यातला. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेत खेळत आला, आणि साठ वर्षे तो बहुधा दुसऱ्यांच्या विजयाची टिपणे वाढविण्याच्या कामी आला. आमच्या लहानपणी विदर्भाचा धावफलक वृत्तपत्राच्या तळाशी बारीक टायपात असावयाचा, व वडील तो शेजाऱ्याच्या आजारपणाची चौकशी करावी तशा स्वरात वाचावयाचे. मग चंद्रकांत पंडित आले. त्यांच्या कडक शिस्तीच्या गोष्टी आता सर्वांस ठाऊक आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये कलकत्त्यास उपांत्य सामन्यात कर्नाटकास जिंकण्यासाठी १९८ धावा हव्या होत्या. रजनीश गुरबाणीने ७ गडी टिपले आणि विदर्भ ५ धावांनी जिंकला. त्या सकाळी आम्ही द्वितीय वर्षाच्या उत्तरपत्रिका तपासीत होतो. त्या गठ्ठ्यातील शेवटच्या काही विद्यार्थ्यांस त्यांच्या लायकीपेक्षा अधिक गुण मिळाले असावेत, हे आम्ही आता, मुदत टळून गेल्यावर, कबूल करण्यास हरकत नाही. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीचा पराभव करून फैज फजलच्या संघाने करंडक जिंकला. नायडू नागपूर सोडून ज्या होळकरांच्या इंदुरी गेले, तेथेच नागपूरने तो मिळवावा, याचे आम्हांस फार अप्रूप वाटले. पुढच्याच वर्षी जामठ्यावर सौराष्ट्राला हरवून तो राखलाही.

यातले श्रेय कोणाचे? चौकडीत यावर पोह्यांच्या तीन-तीन प्लेटी रिचल्या आहेत. दंतवैद्य सर्व श्रेय पंडितांस देतात; त्यांनी पुढे मध्य प्रदेशासही २०२२ मध्ये अजिंक्य केले, हा त्यांचा पुरावा. बँकवाले म्हणतात, वासिम जाफरसारखा मनुष्य ड्रेसिंग रूममध्ये नुसता बसला तरी पोरे सुधारतात. आम्हांस वाटते, उत्तम शिकविणारा तोच की ज्याच्या जाण्यानंतरही वर्ग चालतो. २०२४-२५ साली पंडित येथे नव्हते. उस्मान गनी प्रशिक्षक होते, अक्षय वाडकर कप्तान, आणि हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. गंमत पुढेच आहे. अंतिम सामन्यात केरळकडून आमच्याविरुद्ध ७९ धावा काढणारा गडी होता आदित्य सरवटे. २०१९ च्या अंतिम सामन्यात याच सरवट्याने विदर्भासाठी ११ बळी घेतले होते, चेतेश्वर पुजारास एकदा शून्यावर आणि एकदा एका धावेवर बाद केले होते. आता तो पाहुण्यांच्या तंबूत होता. टाळी द्यावी की न द्यावी, या विचारात अर्धे प्रेक्षागृह हात अर्धवट वर करून बसलेले आम्ही पाहिले. शिक्षकास हा प्रसंग नवा नाही. आपलेच विद्यार्थी कधी दुसऱ्या विद्यापीठातून आपल्या पुस्तकाचे वाभाडे काढतात.

आता पंच. खरे म्हणजे त्यांच्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला, आणि इतका वेळ आम्ही टाळीत आलो.

३१ ऑक्टोबर १९८७ रोजी आम्ही महाविद्यालयात नुकतेच दाखल झालो होतो, आणि वडिलांनी आम्हांस सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर विश्वचषकाच्या सामन्यास नेले. चेतन शर्माने न्यूझीलंडचे तीन गडी लागोपाठच्या तीन चेंडूंवर बाद केले, आणि नंतर गावस्करांनी एकदिवशीय सामन्यांतील आपले एकमेव शतक झळकाविले. सारे मैदान नाचत होते. वडील मात्र शांतपणे म्हणाले, “तिघांच्याही यष्ट्याच उडाल्या. पंचांना बोट उचलावं लागलं नाही. असा न्याय नशिबानंच मिळतो.” वडील कचेरीत कारकून होते, आणि वरिष्ठांच्या बोटांचा त्यांना अनुभव होता. पंचाविरुद्ध बोललेले त्यांना खपत नसे. “त्याला एकदाच दिसतं,” ते म्हणावयाचे, “तुम्हांला दहादा दाखवतात.”

वडिलांच्या हयातीत आम्ही हे मानले नाही. दूरदर्शनसंचासमोर बसून आम्ही किती पंचांस आंधळे म्हटले असेल त्याची गणती नाही. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्या कसोटीत पिलू रिपोर्टर व व्ही. के. रामस्वामी हे दोघे भारतीय पंच उभे राहिले, तेव्हा तटस्थ पंच आले की तंटा मिटला असे आम्हांस वाटले. मिटला नाही. मग यंत्रे आली. त्यांतही ‘पंचांचा निर्णय कायम’ अशी एक पळवाट ठेवलेली आहे: चेंडूचा यष्टीस जेमतेम स्पर्श होतो असे यंत्र दाखवील, तरी मैदानावरील मनुष्याने जे ठरविले तेच खरे. चौकडीतील तिघांस ही लबाडी वाटते. आम्हांस ती यंत्राची नम्रता वाटते. पण आमचे हे मत निर्मळ नाही, आणि त्याचे कारण आम्ही ठेल्यापाशी कधीही सांगितलेले नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर आंतरवर्गीय सामना होता. ठरलेले पंच आले नाहीत, आणि क्रिकेटमधले जाणते म्हणून पांढरा कोट आमच्या अंगावर चढविण्यात आला. आम्ही नको नको म्हणालो, पण मनातून आम्हांस गुदगुल्या झाल्या हे लपविण्यात अर्थ नाही. विद्यापीठाच्या संघासाठी मुले हेरणारे एक गृहस्थ झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. एक तृतीय वर्षाचा मुलगा चाळिशीच्या पुढे जाऊन फार सुरेख खेळत होता. एक चेंडू बाहेर जाता जाता आवाज झाला, यष्टिरक्षकाने झेल घेतला, अकराही जण ओरडले, आणि आमचे बोट वर गेले. ते आम्ही वर नेले असे म्हणणे कठीण आहे, ते गेले. त्या मुलाने एकवार आपल्या पॅडकडे पाहिले, एकवार आमच्याकडे, आणि तो चालू लागला. तो चार पावले गेला नाही तोच आमच्या ध्यानात आले की तो आवाज बॅट पॅडवर आपटल्याचा होता.

त्यास परत बोलाविता आले असते. १९८० साली मुंबईच्या कसोटीत कप्तान विश्वनाथांनी बॉब टेलरला, पंचांनी बाद दिल्यावरही, परत बोलाविले होते. भारत तो सामना हरला आणि विश्वनाथांचे नाव राहिले. ही गोष्ट आम्ही वर्गात किमान दहा वेळा सांगितलेली होती. त्या दिवशी आम्ही नुसते खिशातले सहा खडे चाचपीत उभे राहिलो. मुलाची निवड झाली नाही.

२ मार्च २०२५, रविवार. जामठ्यावर विदर्भ आणि केरळ यांच्या अंतिम सामन्याचा पाचवा दिवस. पहिल्या डावात विदर्भाच्या ३७९, केरळच्या ३४२. या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक आपल्याकडे येणार हे ठरल्यासारखेच होते. करुण नायर १३५ वर परतला होता. पुढच्या ओळीतील मंडळी केरळच्या उपांत्य सामन्याविषयी वाद घालीत होती. गुजरातच्या शेवटच्या गड्याने मारलेला चेंडू जवळ उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणावर आपटून उंच उडाला, स्लिपमध्ये झेलला गेला, आणि केरळ २ धावांच्या आघाडीवर अंतिम फेरीत आले. २०१७ पूर्वीच्या नियमांत तो बाद नव्हता. आताच्या नियमांत आहे. आम्ही मागून पुढे वाकून हे सांगितले. एका गृहस्थाने वळून पाहिले आणि ते उठून उभे राहिले.

“सर! ओळखलं का?”

आम्ही ओळखले. केस विरळ झाले होते, शेजारी दहा-बारा वर्षांचा मुलगा होता. सरकारी कचेरीत नोकरी, बदली यवतमाळला, मुलाला सामना दाखविण्यासाठी मुद्दाम आलेले. त्यांनी मुलास आमच्या पाया पडावयास लाविले, आणि संत्रे सोलून अर्धे आमच्या हाती दिले. थोडा वेळ इकडचे तिकडचे झाले. मग आम्हीच म्हणालो, “त्या दिवशी तुम्हांला बॅट लागली नव्हती.” वीस वर्षे जे वाक्य घोळविले, ते इतके तोकडे निघेल असे वाटले नव्हते.

ते हसले. “माहीत आहे न सर. तुम्हांलाही तेव्हाच समजलं होतं, मी पाहिलं. त्याचं काही नाही, पोट्टेपणी असे शंभरदा आउट झालो.” मग जरा थांबून म्हणाले, “पण संध्याकाळी तुम्ही मला खोलीत बोलावून अर्धा तास समजावत होते, का आउट होतं म्हणून. आवाज कसा आला, चेंडूची दिशा कशी बदलली. ते नव्हतं करायला पाहिजे, सर.”

हे आम्ही साफ विसरलो होतो. बोट आठवत होते. अर्धा तास आठवत नव्हता. व्याख्यान उत्तम झाले असेल यात शंका नाही, आमची होतात.

तेवढ्यात मैदानावर मोठ्याने अपील झाले. सगळे प्रेक्षागृह अर्धे उठले. तो लहान मुलगा आमच्याकडे वळून, डोळे मोठे करून म्हणाला, “आजोबा, आउट होता का?”

“दिसलं नाही बाळा,” आम्ही म्हणालो, आणि पंचांकडे पाहू लागलो.