वादळाचा हंगाम आणि आईची बोट

वाचकहो, जून उजाडला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मुलाकडे अमेरिकेला निघालोय. तो मोठ्या बोटीच्या सफरीला नेतो म्हणतो. जाऊ का?" दापोलीसारख्या तालुक्याच्या गावातही आता आळीगणिक एखादे मूल परदेशी आहे, आणि आईवडिलांना सुख दाखवावे ही त्या मुलांची तळमळ खरी आहे. पूर्वी मी रक्तदाब मोजून, साखरेचे कागद चाळून 'जा' किंवा 'नको' असे एका शब्दात उत्तर देत असे. गेल्या वर्षी हाच प्रश्न माझ्या घरात आला, आणि एका शब्दाचे उत्तर किती अपुरे असते ते मला कळले.

माझा धाकटा भाऊ फ्लोरिडातील ऑरलँडोला असतो. मे महिन्यात त्याचा फोन आला. "दादा, आईला ऐंशी पूर्ण झाली. सहस्रचंद्रदर्शन घरी करूच; पण तिला एकदा समुद्रावर न्यायचं आहे. सगळे मिळून जाऊ." पोर्ट कॅनावेरलहून निघून पूर्व कॅरिबियन बेटांना वळसा घालणारी सात रात्रींची सफर त्याने पाहून ठेवली होती. वेळ होती गणपतीनंतरची, सप्टेंबरच्या मध्याची. त्याच्या दोन्ही मुलांना तेव्हाच रजा मिळत होती आणि भाडेही हिवाळ्याच्या मानाने बरेच कमी होते.

भाडे कमी का, हे मला ठाऊक होते. अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो आणि त्याचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास असतो. मी म्हटले, "त्या दिवसांत नको. आईच्या हृदयाची अवस्था तुला माहीत आहे. विषय संपला."

शेजारी आठळ्या सोलत बसलेल्या आईने मान वर केली. "अरे, जायचं मला आहे ना? मला कोणी विचारलंच नाही."

आई हर्णैची. तिच्या लहानपणी मुंबईला जायचे ते आगबोटीने. बंदरात धक्का नसल्यामुळे पडावातून बोटीपर्यंत जावे लागे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट उलटून सहाशेंहून अधिक माणसे गेली, तेव्हा ती दोन वर्षांची होती. त्या दिवसाच्या हकिकती ऐकतच ती वाढली. कोकण किनाऱ्याच्या बोटी पावसाळ्यात बंद असत आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याखेरीज कोळी होडी लोटत नसत, हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. दर्याला हंगाम असतो हे तिला मी सांगण्याची गरज नव्हती. तरीही तिला जायचे होते. पितृपक्ष मध्ये येतो, याकडेही तिने सोयीस्कर दुर्लक्ष केले होते.

मी शरमलो. मग आम्ही तिघांनी हा प्रश्न नीट मांडायचे ठरवले. त्या विचारात जे हाती आले ते आपल्यासमोर ठेवतो. आपल्या घरातही असा फोन येऊ शकतो.

पहिली गोष्ट वादळाची. बहुतेकांच्या मनात चित्र असते ते वादळात सापडलेल्या बोटीचे. प्रत्यक्षात आजची मोठी प्रवासी जहाजे ताशी सुमारे चाळीस किलोमीटर वेगाने जाऊ शकतात. उष्ण कटिबंधात चक्रीवादळ स्वतः पुढे सरकते ते बहुधा त्याहून बरेच सावकाश. म्हणून कप्तान वादळाला वळसा घालतो. पूर्वेची बेटे टाळून जहाज पश्चिमेकडे नेतात, एखादे बंदर गाळतात. प्रवासी वादळाच्या तोंडी सापडण्याची शक्यता फार थोडी असते. भावाचा हा मुद्दा खरा होता आणि मी तो मान्य केला.

पण वळसा घालून झाल्यावर बोटीला परतायचे असते ते बंदरातच. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळामुळे टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बंदर बंद झाले, तेव्हा हजारो प्रवासी ठरलेल्या दिवशी परतू शकले नाहीत. त्यांची जहाजे समुद्रात किंवा दुसऱ्या बंदरांत थांबून राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन वादळाच्या वेळी टॅम्पा आणि पोर्ट कॅनावेरल ही दोन्ही बंदरे बंद ठेवावी लागली. आणि दूरच्या वादळाच्या लाटा शेकडो किलोमीटरवर बोट हलवतात, त्या वेगळ्याच.

दुसरी गोष्ट अंदाजाची. मायामीचे राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्र वादळाच्या मार्गाचा पाच दिवसांचा अंदाज देते. नकाशावर तो शंकूसारखा दिसतो. वादळाचा मध्य तीनपैकी साधारण दोन वेळा त्या शंकूच्या आत राहतो, म्हणजे तिसऱ्या वेळी बाहेर जाऊ शकतो. आम्हा डॉक्टरांना ही भाषा परिचयाची आहे. आमचे अंदाजही असेच असतात. अडचण अशी, की तिकिटाचे पूर्ण पैसे दोन-तीन महिने आधी भरावे लागतात आणि खात्रीलायक अंदाज मिळतो तो जेमतेम आठवडाभर आधी. म्हणजे मे महिन्यात घ्यायचा निर्णय आकाशाकडे पाहून घेता येत नाही. तो दिनदर्शिकेकडे आणि माणसाकडे पाहूनच घ्यावा लागतो.

माणसाकडे कसे पाहावे, हे मला निसर्ग वादळाने शिकवले होते. ३ जून २०२० रोजी ते रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि दापोली-मंडणगडलाही त्याने झोडपले. माझ्या रुग्णांपैकी त्या दिवशी वाऱ्याने कोणी दगावले नाही. त्रास सुरू झाला तो नंतर. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. इन्सुलिन माठाजवळ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायला मी सांगत होतो. झाडे पडून रस्ते अडले आणि रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. एक आजोबा लघवी होण्याची गोळी आठ दिवस न घेता राहिले आणि धाप लागून, खुर्चीत बसवूनच त्यांना माझ्याकडे आणावे लागले. वृद्ध माणसाला वादळ मारते ते बहुधा असे, घडी विस्कटवून. म्हणून 'वादळ येईल का' यापेक्षा 'घडी विस्कटली तर हे शरीर किती दिवस तग धरेल' हा प्रश्न मोठा आहे.

तो प्रश्न मी आईला लावून पाहिला. आपणही आपल्या घरातील व्यक्तीला लावून पाहावा.

आईच्या हृदयाची लय अनियमित आहे, म्हणून ती रक्त पातळ करणारी गोळी घेते. हलत्या बोटीवर तोल जाणे सोपे. अशा गोळीवर असलेल्या माणसाचे डोके आपटले तर आत रक्तस्राव होण्याचा धोका अधिक. तिच्या हृदयाची क्षमताही कमी आहे, म्हणून मीठ मोजून खावे लागते. बोटीवरचे जेवण सढळ आणि खारट. पायांवर सूज, रात्री उशी उंच करावी लागणे आणि दोन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढणे या खुणा तिथे कोण पाहणार, हे आधी ठरलेले हवे.

बोट लागणे हा तर जुनाच विकार. त्यावरच्या गोळ्या आणि कानामागे लावायची पट्टी तरुणांना चालते. वृद्धांमध्ये मात्र त्यांतील काही औषधांनी गुंगी येते, भ्रम होतो, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडते आणि काही प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यांतील दाब वाढतो. ही औषधे दुकानातून परस्पर घेऊ नयेत. जहाजाच्या मधल्या भागातील, खालच्या मजल्यावरील खोली कमी हलते. तेवढी निवड केली तरी बराच त्रास वाचतो.

उलट्या-जुलाबांची साथ बोटीवर झपाट्याने पसरते. नोरो नावाच्या विषाणूवर हाताला लावायचे जंतुनाशक पुरेसे पडत नाही. साबण आणि वाहते पाणीच हवे. लघवी होण्याच्या गोळीवर असलेल्या माणसाला जुलाब लागले, तर मूत्रपिंडावर ताण येतो. अशा वेळी कोणत्या गोळ्या थांबवायच्या, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

बोटीवर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो. ईसीजी, साध्या रक्ततपासण्या, तातडीचे उपचार होतात. शहरातल्या रुग्णालयासारखा अतिदक्षता विभाग किंवा शस्त्रक्रियेची सोय तिथे धरून चालू नये. रुग्णाला किनाऱ्यावर नेण्यासाठी हेलिकॉप्टर येऊ शकते, पण खवळलेल्या हवेत तेही येईलच असे नाही. संकटकाळी लिफ्ट वापरत नाहीत. चार जिने उतरण्याची ताकद गुडघ्यांत आहे का, हेही पाहावे.

औषधे सफरीच्या दिवसांइतकी नकोत, किमान दहा दिवसांची अधिक हवीत. तीही हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. विम्याचा कागद पूर्ण वाचावा. आधीपासूनच्या आजारांना अनेक पॉलिसी वगळतात, आणि वादळाचे नामकरण झाल्यानंतर घेतलेला विमा त्या वादळामुळे झालेले नुकसान सहसा भरून देत नाही. मार्ग बदलला किंवा बंदर गळले म्हणून भाडे परत मिळत नाही, हेही मुलांनी आधीच गृहीत धरावे.

हे सारे मी आईला समजेल अशा शब्दांत सांगितले. भाऊ पडद्यावरून ऐकत होता. शेवटी मी म्हटले, "फेब्रुवारीत जाऊ. तेव्हा तिकडे वादळं नसतात. भाडं जास्त पडेल, ते मी भरतो."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि फेब्रुवारीत मी असेन, याची हमी कुठलं हवामानखातं देतं?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपण मुले 'पुढच्या वर्षी' हा शब्द फार सहज वापरतो. ऐंशीच्या माणसासाठी पुढे ढकलणे हासुद्धा एक धोका असतो आणि तो कोणत्याही नकाशावर शंकू काढून दाखवता येत नाही. मी तिला तसे स्पष्ट सांगितले. तुझे म्हणणे खरे आहे, दोन्हीकडे धोका आहे आणि निवड तुझी आहे. तिने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी म्हणाली, "चार दिवस बोट अडकली आणि मी आजारी पडले, तर तुम्ही दोघं जन्मभर एकमेकांना बोल लावाल. ते मला नको. फेब्रुवारीत जाऊ. पण जाऊ."

तो सप्टेंबर आला आणि गेला. भावाने ठरवलेल्या आठवड्यात त्या मार्गावर एकही वादळ आले नाही. त्याने शांत, निळ्या समुद्राचे छायाचित्र पाठवले. खाली काही लिहिले नव्हते. मला ते बोचले. पण दवाखान्यातही असे होते. गाठ काढल्यावर ती साधी निघाली, म्हणून ती काढण्याचा निर्णय चूक ठरत नाही. निर्णय जोखावा तो घेताना हाती असलेल्या माहितीवरून.

डिसेंबरमध्ये आईला धाप लागली आणि रुग्णालयात पाच दिवस काढावे लागले. त्या रात्री तिच्या खाटेशी बसून मी तिच्या प्रश्नाचाच विचार करत होतो. तिची हौस मी माझ्या सावधगिरीपायी घालवली का? ती बरी झाली म्हणून आज हे मी शांतपणे लिहू शकतो. नसती झाली, तर कदाचित लिहू शकलो नसतो.

हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून परवानगी दिल्यावर फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही गेलो. सात रात्रींऐवजी चार, दूरच्या बेटांऐवजी बहामा. चाकांची खुर्ची आधीच सांगून ठेवली होती, वजनाचा काटा सोबत होता, लोणच्याची बाटली मुद्दाम घरी ठेवली होती. हिवाळ्यातही समुद्र अगदी शहाण्यासारखा वागतो असे नाही. दुसऱ्या रात्री उत्तरेचा वारा सुटला आणि बोट चांगलीच डोलू लागली. भाऊ पांढराफटक पडून आडवा झाला. आई आल्याचा तुकडा चघळत बसली होती. म्हणाली, "हर्णैच्या पडावापेक्षा बरं आहे."

आता कोणी आजी-आजोबा मुलांसोबत हा प्रश्न घेऊन आले, की मी रक्तदाबाचा पट्टा बांधण्याआधी मुलांना थोडे थांबायला सांगतो आणि खुर्ची आजींकडे वळवतो. "तुम्हाला जायचं आहे का?" एवढेच विचारतो. उत्तर 'हो' आले, तर मग हंगाम, औषधे, विमा, जिने हे सारे आपण मिळून पाहू. उत्तर 'नाही' असेल आणि मुलांच्या आग्रहापुढे ते अडले असेल, तर ते मोठ्याने सांगण्याचे कामही माझेच आहे.