गाडी मालप्याला थांबवा

बर्गेन शहराच्या बाहेर ट्रोल्डहाउगेन नावाची टेकडी आहे. नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग १८८५ पासून तिथं राहायचा. १९०७ साली तो गेला आणि त्याच्या अस्थी तिथल्याच कड्याच्या कपारीत ठेवल्या गेल्या. घराच्या खाली, तळ्याच्या काठाला, त्याची एका खोलीची झोपडी आहे. आत पियानो, खिडकीशी टेबल, खिडकीबाहेर नुसतं पाणी. १९८५ साली त्याच उतारावर दोनशे माणसांपुरतं सभागृह बांधलं, छपरावर गवत वाढू दिलं आणि रंगमंचामागची भिंत काचेची ठेवली. दुपारच्या मैफलीत वादकाची बोटं चालू असतात आणि त्याच्या पलीकडं ती झोपडी आणि ते तळं दिसत राहतं.

फिनलंडमध्ये, हेलसिंकीच्या उत्तरेला, संगीतकार सिबेलियसचं आयनोला आहे. बायकोचं नाव आयनो, म्हणून घर आयनोला. १९०४ साली तो तिथं राहायला आला आणि १९५७ साली मरेपर्यंत तिथंच राहिला. तो होता तोवर घरात पाण्याचे नळ आले नाहीत, कारण नळाचा आवाज त्याला कामाच्या वेळी सोसायचा नाही. जेवणघरात भिंतीला लागून हिरवी शेकोटी आहे. १९४० च्या दशकात त्यानं आपली बरीच हस्तलिखितं तिच्यात घातली, आणि आठव्या सिंफनीची पानंही त्यातच गेली असं मानतात. शेवटची सुमारे तीस वर्षं त्यानं जवळजवळ काहीच नवं मोठं लिहिलं नाही. त्या शेकोटीसमोर गाइडनं आम्हाला उभं केलं, काय झालं ते सांगितलं आणि गप्प राहू दिलं. संगीतसहलीत इतकं चांगलं दुसरं काही घडू शकत नाही.

ही दोन्ही घरं पाहताना माझ्या मनात मालपे होतं.

मालपे हे गोव्याच्या पेडणे तालुक्यातलं गाव. सावंतवाडी-पणजी महामार्ग तिथून जातो. २०२३ च्या जानेवारीपासून मोपाच्या विमानतळावर विमानं उतरू लागली आणि देशोदेशीची कितीतरी माणसं आता गोव्यात पहिलं पाऊल पेडण्यात टाकतात. मग त्यांच्या गाड्या मोरजी, मांद्रे, हरमलच्या वाळूकडे वळतात. या मालप्यात १८८३ साली अंजनीबाई मालपेकर जन्मल्या. आठव्या वर्षी त्या मुंबईला गेल्या, भेंडीबाजार घराण्याच्या नजीर खाँसाहेबांकडे शिकल्या, सोळाव्या वर्षी मैफलीत गाऊ लागल्या. राजा रविवर्म्याच्या काही चित्रांतला चेहरा त्यांचा असल्याचं सांगितलं जातं. पुढं त्यांनी जाहीर गाणं थांबवलं आणि शिकवणं धरलं. कुमार गंधर्व त्यांच्याकडे शिकले, किशोरी आमोणकर शिकल्या. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १९७४ साली, नव्वदी ओलांडून, त्या गेल्या.

कुमारजींचं गाणं ऐकून भारावलेली माणसं आख्ख्या महाराष्ट्रात आहेत. त्यांतली कितीतरी दरवर्षी मालप्यावरून गोव्याला जातात. मालप्याला गाडी थांबवलेलं कुणी अजून तरी मला भेटलेलं नाही.

यावर पटकन सुचणारं उत्तर म्हणजे आपल्याला जतन करता येत नाही, त्यांना येतं. हे उत्तर मला अपुरं वाटतं. ग्रीग टेकडीवर राहिला, कारण तिथं राहून त्याला संगीत लिहिता येत होतं. देशानं त्याला मान दिला होता आणि घर त्याच्या नावावर होतं. आमच्या गोव्यातल्या बायका गावात राहून गायिका होऊ शकत नव्हत्या. कलावंत घराण्यांतल्या मुलींच्या वाट्याला देवळाची सेवा यायची. पालखीपुढं गायचं, उत्सवात नाचायचं, आणि संसार मात्र त्यांना नाकारलेला. गाव त्यांचं गाणं कान देऊन ऐकायचं आणि गाणं संपलं की त्यांच्यापासून अंतर ठेवायचं. राजाराम पैंगीणकरांनी 'मी कोण' या आत्मचरित्रात हे सगळं आतून मांडलं आहे. गोमंतक मराठा समाजाची चळवळ उभी राहिली ती यातून बाहेर पडण्यासाठी. गाणाऱ्या बाया मुंबईला गेल्या तेव्हा त्यांच्यासोबत विद्येची ओढ होती आणि सुटकेचीही. जिथून सुटायचं असतं तिथं स्मारक कोण बांधणार? पेडणे-डिचोलीची संगीतसहल कधी निघाली तर गाइडनं ही गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी, बसमध्ये, पहिलं देऊळ दिसण्याआधी.

गाव सोडताना त्यांनी गावाचं नाव मात्र सोबत नेलं. मालपेकर, कुर्डीकर, केरकर, शिरोडकर. ही नावं मैफलीच्या पत्रिकांवर छापली गेली, तबकड्यांवर छापली गेली, आणि ज्या गावांनी त्यांना पुरतं आपलं म्हटलं नव्हतं ती गावं कोलकात्यापर्यंत पोचली. मराठीतल्या पहिल्या नाटककार स्त्रियांपैकी एक, 'दामिनी' लिहिणाऱ्या हिराबाई पेडणेकर. त्या जन्मल्या सावंतवाडीत, भास्करबुवा बखल्यांकडे गाणं शिकल्या, पण नावात पेडणे राहिलंच. मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी साळावली धरणाखाली गेलं आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गाव वर येतं आणि जुने गावकरी सोमेश्वराच्या दर्शनाला जमतात. केसरबाई केरकरांच्या केरीत त्यांच्या एका घराच्या जागी त्यांच्याच नावाची शाळा आहे, आणि १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत त्यांची भैरवी सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला लागली. फक्त सहल आखणाऱ्यानं जपून आखावी. गोव्यात केरी तीन आहेत. तेरेखोलच्या मुखाशी आहे ती पेडण्याची, एक सत्तरीत, आणि केसरबाईंची फोंड्यातली.

बर्गेनचा गाइड सांगत होता की ग्रीगच्या संगीतात फ्योर्ड ऐकू येतात. मी प्रामाणिकपणे कान लावला आणि मला ते पटलं नाही. डोळ्यांपुढं पाणी असलं की कानांनाही ते ऐकू आल्यासारखं वाटतं. आपल्या रागांना प्रहर असतात, ऋतू असतात, पण गाव नसतं. तोडी मालप्याची नाही आणि लाहोरचीही नाही. मग गायिकेचं गाव पाहून मिळतं काय, हा प्रश्न मला त्या सहलीभर होता, आणि त्याचं उत्तरही ग्रीगकडेच मिळालं. उतारवयात त्यानं खेड्यातल्या नाचाच्या सुरावटी पियानोसाठी बांधल्या. क्नुत दाले नावाचा खेडवळ फिडलवादक म्हातारा होत चालला होता. आपल्याबरोबर या चिजा मरतील या काळजीनं त्यानं ग्रीगला लिहिलं, आणि १९०१ साली व्हायोलिनवादक हाल्वोर्सननं त्या ऐकून कागदावर उतरवल्या. त्या फिडलला वाजणाऱ्या तारांखाली आपल्या सारंगीसारख्या तरफा असतात. ग्रीगला गावानं जे दिलं ते तळं नव्हतं. पिढ्यानपिढ्या एकच चीज घोटणारा वादक आणि ती चुकली तर ओळखणारी माणसं, हे गावानं दिलं.

हे मात्र आमच्या पेडण्यात, डिचोलीत आजही आहे.

डिचोली आणि सत्तरी १७८० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्तुगीजांकडे गेली, पेडणे १७८८ मध्ये; तोवर हा मुलूख त्यांच्या हाताबाहेर होता. साष्टी-बार्देशातली देवळं सोळाव्या शतकात पाडली गेली, तेव्हा काही देव नदी ओलांडून या मुलखात आले. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर डिचोलीतल्या नार्व्याला आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. देव आले म्हणजे त्यांचा नित्यक्रम आला: पहाटेचा नगारा, संध्याकाळची आरती, ठरलेल्या दिवशीची पालखी. पालखी देवळाभोवती फिरताना जागोजागी थांबते. एका थांब्यावर वाजंत्री, पुढच्यावर कीर्तन, त्यापुढं गाणं. नवरात्रात देव मखरात बसतो, कीर्तन होतं आणि आरतीच्या वेळी मखर झुलवलं जातं. लहान मूल आईच्या मांडीवर बसून हे वर्षानुवर्षं ऐकतं. शाळेत जाण्याआधी त्याच्या कानात ताल पक्का झालेला असतो. खाप्रूमामा पर्वतकरांसारखा लयभास्कर गोव्यात निपजला यात मला चमत्कार वाटत नाही. मोठे गवई इथं झाले, कारण इथं ऐकणारे आधीपासून होते.

आणि ते ऐकणं देवळाच्या भजनात टिकलं आहे. गोव्याचं भजन फार गंभीरपणे होतं. पखवाज आणि पेटी नीट मिळवलेली, अभंग रागात बांधलेला, झांजा एकदम उठणाऱ्या आणि एकदम थांबणाऱ्या. गावागावात वर्ग चालतात. कला अकादमी राज्यभर भजनी स्पर्धा घेते, त्यांत बायकांची आणि मुलांची पथकंही उतरतात. दिवसभर दुकानात किंवा खाणीवर राबलेला माणूस रात्री पखवाजाला कणीक लावून बसतो आणि शेजारच्या गावच्या बुवानं मारवा घेतला तर त्यातला ऋषभ लागला की नाही यावर घरी परतताना वाद घालतो. हा वाद ऐकायला मी युरोपातून कुणालाही आणीन.

सोहिरोबानाथ आंबिये मूळचे पेडण्यातल्या पालयेचे. अठराव्या शतकातले कवी. विरनोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. त्यांचं एक पद जितेंद्र अभिषेकींनी गायलं आणि घरोघर पोचवलं. पण अभिषेकींच्या आधीही ते पद भजनांत गायलं जात होतं, आणि ते ऐकत वाढलेल्या गोवेकरांना अभिषेकींनी त्यात काय नवं केलं ते नेमकं कळलं. पालयेला गेल्यावर सहलीतल्या माणसांना आधी गावच्या चालीत ते पद ऐकवावं, मग अभिषेकींचं.

डिचोलीत कुंभारांचा धंदा जुना. घुमट त्यांच्याच चाकावरून उतरतं. दोन्ही बाजूंनी तोंड असलेलं मडकं, मोठ्या तोंडावर कातडं, धाकट्या तोंडावर तळहात. पूर्वी कातडं घोरपडीचं असे. वन्यजीव कायद्यानं ते बंद झालं, आता बकऱ्याचं चढवतात. जुने वादक म्हणतात की आवाजात फरक पडला, आणि त्यांच्या कानांवर माझा विश्वास आहे. तरीही घोरपड वाचली हे बरंच झालं. २०१९ साली घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला. चवथीच्या आरत्यांत घुमट, शामेळ आणि कासाळे यांची जुगलबंदी चढत जाते तेव्हा घरातली म्हातारी माणसं स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहतात. कुंभाराच्या अंगणात बसून आधी मडकं घडताना पाहावं, कातडं चढलेलं पाहावं, आणि मग वाजलेलं ऐकावं. आवाज कुठून येतो हे तेव्हा हातांना कळतं.

डिचोलीहून दोडामार्ग जवळ. त्या मुलखातलं वझरे हे रामकृष्णबुवा वझ्यांचं गाव. मास्टर दीनानाथांना त्यांनी शिकवलं. म्हणजे मंगेशीचा मुलगा जे गायला त्यातलं कितीतरी या डोंगराकडच्या माणसाकडून आलं होतं, आणि पुढं ते मुंबईच्या ध्वनिमुद्रणशाळांत गेलं. राज्याची सीमा मध्ये आहे म्हणून गोव्याच्या सहलींनी वझरे टाळू नये. गाण्याला ती सीमा कधी नव्हती.

आता सहलीबद्दल, कारण ती निघावी असं मला मनापासून वाटतं. पर्यटन म्हणजे पेडण्यात आज मुख्यतः किनारा आणि रात्रभरचा धडधडाट. २०२४ च्या डिसेंबरात धारगळला मोठा इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव झाला आणि त्यावरून गावात तंटाही झाला. त्या संगीतावर माझा राग नाही. पण त्याच तालुक्याच्या मातीतली गायिका किशोरीताईंची गुरू होती हे येणाऱ्याला कुणीच सांगत नाही, हे मला सहन होत नाही.

सहल पावसाळा संपल्यावर काढावी. कोजागिरीला पेडण्याची पुनव असते, रवळनाथ-भूतनाथाची तरंगं निघतात, तिथून सुरुवात करता येईल. नाहीतर चैत्रात, म्हणजे कारापूरच्या विठ्ठलाचा उत्सव गाठता येतो. माणसं विसाच्या वर नकोत, देवळाच्या सभामंडपात गावकऱ्यांना दाटी होता कामा नये. मैफल मुद्दाम भरवू नये, जी व्हायचीच आहे तिला जाऊन बसावं. भजन वेळेवर सुरू होत नाही आणि वेळेवर संपत नाही, तेव्हा रात्रीच्या जेवणाची वेळ पक्की धरू नये. गाइड म्हणून गावच्या भजनी वर्गात शिकलेल्या मुलींना घ्यावं. अंजनीबाईंची गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकणं वेगळं असेल, कारण या मुलींना गाणं शिकण्यासाठी आज गाव सोडावं लागत नाही. मालप्यात पंचायतीनं एक खोली द्यावी. खोलीत मिळवलेला तानपुरा, भेंडीबाजार घराण्याची ध्वनिमुद्रणं आणि भिंतीवर रविवर्म्याच्या त्या चित्रांच्या प्रती असाव्यात. आणि सहलीच्या पैशातला मोठा वाटा त्या गावांच्या भजनी वर्गांना द्यावा, पखवाजाची शाई वरचेवर बदलावी लागते.