वाइन, वाडी आणि सांबारवडी

वाइनवरचे कोणतेही पुस्तक उघडा, त्यात एक वाक्य हमखास सापडते : रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी. हे वाक्य लिहिणाऱ्याने मे महिन्यातली वाडी पाहिलेली नसते, एवढे मी खात्रीने सांगतो. दुपारी तीन वाजता पंखा चालू असताना आमच्या बैठकीतला पारा ३८ वर असतो (भिंतीवर थर्मामीटर टांगला आहे, मास्तरकीची खोड!). बाहेर अमरावती रोडवर ४५. या 'खोलीच्या तापमानाला' रेड वाइन दिली तर पाहुणा तिला काढा समजून सर्दीचे कारण विचारेल.

पुस्तकातली खोली म्हणजे जुन्या युरोपातली जाड दगडी भिंतींची खोली. तिचे तापमान १६ ते १८ अंश. आपल्याकडे तेवढे फक्त डिसेंबर-जानेवारीच्या रात्री असते, आणि तेव्हा आपण शाल पांघरून बसलेले असतो.

मंडळी, हे लिहायचे कारण असे की आमचे भाचे-पुतणे आता नाशिकला जाऊन येतात, येताना एखादी बाटली आणतात आणि मग फोन करतात, "मामा, ही ठेवायची कुठे?" मामा म्हणजे मी. सत्तरी ओलांडलेला, मराठी माध्यमातून बी. ए. झालेला, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेला माणूस वाइनचा जाणकार कसा काय, असा प्रश्न नवीन वाचकांना पडेल. जाणकार नाही हो. आवड आहे, इतकेच. पण आवड असली की मास्तर टिपणे काढतो. ती टिपणे आज एकत्र करतो आहे.

आवड लागली २००९ साली, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली तेव्हा. फेब्रुवारीत तिच्याकडे गेलो असता गंगापूर धरणाकडचे द्राक्षमळे पाहिले. मला वाटायचे, खायच्या द्राक्षांतली उरलेली, दबलेली द्राक्षे वाइनला जात असतील. तसे मुळीच नाही. वाइनची द्राक्षे वेगळी, बारीक, जाड सालीची आणि बियांची. आपण खातो त्या थॉमसन सीडलेससारखी दिसायला गोंडस नसतात. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस आतून बिनरंगी असतो आणि रेड वाइनचा रंग सालीतून उतरतो, हेही मला तिथेच कळले.

दुसरी गंमत हंगामाची. युरोपात द्राक्षे सप्टेंबरच्या सुमारास उतरतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. तिकडे थंडीत वेल झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून शेतकरी त्याला वर्षातून दोनदा छाटतो : उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. फळ असे वाढते की पावसाळ्याचा चिखल चुकतो आणि थंडीच्या रात्री मिळतात. निसर्गाशी इतकी घासाघीस करून ती बाटली तयार होते, हे कळल्यावर माझा तिच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला.

इतिहासाच्या मास्तराला चार ओळी इतिहास सांगू द्या. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला वाइनचा कारखाना काढला. तिथली फसफसणारी वाइन परदेशात जाऊ लागली. मग राजीव सामंत अमेरिकेतले शिक्षण आणि नोकरी आटोपून नाशिकजवळ आले आणि सुला उभी केली. तिच्या पहिल्या बाटल्या २००० साली बाजारात आल्या. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि नाशिक, सांगली, सोलापूरकडे वाइनरी निघू लागल्या. अकलूजकडची फ्रॅटेली तर इटलीतल्या भावांनी आणि इथल्या मंडळींनी मिळून काढली. असो. नाशिकची वाइन झाली, पण ती नागपुरात येऊन टिकली पाहिजे ना! मूळ प्रश्नाकडे येतो.

वाइनचे शत्रू चार : उष्णता, उजेड, हवा आणि हादरे. यातली उष्णता आपल्याकडे एकटीच चौघांना पुरून उरते. वाइन १० ते १५ अंशांत सुखी असते. पंचवीसच्या वर दीर्घकाळ राहिली की ती लवकर म्हातारी होते आणि तिसाच्या वर गेली की शिजते. रंग विटकरी होतो, फळाचा ताजा वास जाऊन मुरंब्यासारखा वास येतो, आतला द्रव फुगून बूच वर ढकलले जाते. आणि आपली पद्धत काय? भेट आलेली बाटली शोकेसमध्ये, ट्रॉफीशेजारी, ट्यूबलाइटखाली उभी! आमच्या ओळखीच्या एका घरी अशी बाटली आठ वर्षे उभी होती. 'जुनी तेवढी चांगली' हे सगळ्याच वाइनला लागू नाही. आपल्याला परवडणाऱ्या बहुतेक वाइन एक-दोन वर्षांत, फार तर तीन वर्षांत प्यायच्या असतात. पांढरी तर त्याहून लवकर.

मग आमची व्यवस्था काय? तळघर नाही, वाइनसाठी वेगळा फ्रिज घेण्याची पेन्शनची ऐपत नाही. म्हणून साध्या फ्रिजचा भाजीचा कप्पा. तो सर्वांत कमी थंड असतो. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि आडवी ठेवायची. बूच लाकडी असेल तर ते ओले राहते आणि आकसत नाही. फिरकीचे झाकण असेल तर उभी ठेवली तरी चालते. फिरकीचे झाकण म्हणजे हलकी वाइन, हा गैरसमज काढून टाका. आपल्या हवेत ते झाकण उलट सोयीचे. फ्रिजमध्ये काही आठवडे, दोन-तीन महिने वाइनला काही होत नाही. त्याहून जास्त ठेवायचीच नाही, हा आमचा नियम. (भाजीच्या कप्प्यात दोनपेक्षा जास्त बाटल्या नकोत, हा सौ.चा नियम. मेथी कुठे ठेवायची?)

खरेदीचेही तेच. दुकानात बाटली उन्हाच्या बाजूला उभी असेल तर घेऊ नका. लेबलावरचे साल वाचा. घरी आणताना ओल्या टॉवेलात गुंडाळा. जुन्या लोकांना छागल आठवत असेल, तेच तत्त्व. आपल्या उन्हाळ्याची हवा कोरडी, त्यामुळे ओल्या फडक्यातले पाणी भराभर उडते आणि बाटली थंड होते. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय इतका चालणार नाही, पण नागपुरात छान चालतो. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी आहेत. मुलाने भर मे महिन्यात बाटली आणली तेव्हा त्यांनी ती कूलरच्या टाकीत टरबुजाशेजारी सोडून दिली. तासाभरात गार!

आता वाढण्याचे. रेड असेल तर अर्धा तास आधी फ्रिजमध्ये, व्हाइट असेल तर दोन-अडीच तास. पेला काचेचा, पातळ, आणि एक तृतीयांशच भरायचा. वरची रिकामी जागा वासासाठी असते. ती कंजुषी नव्हे, हे पाहुण्यांना सांगावे लागते. उंच दांडीचे पेले नसले तरी काही बिघडत नाही, स्वच्छ पाहिजेत. साबणाचा वास राहिलेल्या पेल्यात कितीही चांगली वाइन साबणासारखीच लागते.

जेवणाशी जोडी लावताना परदेशी तक्ते बाजूला ठेवले. आमचे अनुभव सांगतो. सावजीचा झणझणीत रस्सा आणि तुरट रेड वाइन यांचे पटत नाही. तिच्यातला तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात. तिथे किंचित गोडसर, थंडगार शेनिन ब्लाँ बरी. पाटवडी-रश्श्याचेही तसेच. संत्राबर्फीबरोबर कोरडी वाइन घेऊ नका, नुसती आंबट लागेल. आणि सर्वांत उत्तम जोडी म्हणजे सोव्हिन्यों ब्लाँ आणि सांबारवडी! (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.) त्या वाइनचा हिरवा, पानांसारखा वास आणि वडीतला सांबार जणू एकाच वाफ्यातले. सौ. वाइनला 'आंबट पाणी' म्हणते, पण या जोडीला तिनेही मान हलवली. तिच्या मान हलवण्याची किंमत आमच्या घरी तुम्हाला माहीत आहेच.

इथपर्यंत सगळे मजेचे झाले. पण हा लेख दादाही वाचणार आहेत, म्हणून पुढचे लिहिणे भाग आहे.

दादा वर्ध्याला राहतात. सेवाग्रामच्या पुण्याईने वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. आमच्यापासून पाऊण-एकशे किलोमीटरवर माझी ही बाटली गुन्हा ठरते. वर्ध्याला जाताना मी संत्री नेतो. माझ्या या आवडीबद्दल कळले तेव्हा दादा ओरडले नाहीत. फोनवर फक्त एवढे म्हणाले, "बापू, तू हे काय करून राहिला? तुझ्या वर्गातली ती पोरगी विसरला का?"

विसरलो नाही. आठवीत एक मुलगी होती, हुशार. दर महिन्याच्या पगाराच्या दिवशी गैरहजर. चौकशी केली तेव्हा कळले की त्या दिवशी आई तिला बापाच्या कामाच्या ठिकाणी, फाटकावर उभी करायची. पोरीला पाहून तरी तो पगार घेऊन सरळ घरी यावा म्हणून. काही महिने यायचा. नंतर दुसऱ्या फाटकाने जाऊ लागला. पोरीने नववी पूर्ण केली नाही.

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे पुष्कळ ऐकू आले. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. त्या वादात मला वाइनच्या बाजूने बोलावेसे वाटले, पण हे वाक्य काही उच्चारवेना. गणित माझा विषय नाही, तरी एवढे येते. वाइनमध्ये साधारण साडेबारा टक्के अल्कोहोल, म्हणजे १०० मिलिलीटरमध्ये सुमारे १० ग्रॅम. व्हिस्कीत ४२.८ टक्के, म्हणजे ३० मिलिलीटरच्या लहान पेगमध्येही सुमारे १० ग्रॅमच. शंभर मिली वाइन म्हणजे एक लहान पेग. पूर्ण बाटली म्हणजे साडेसात पेग. लेबलावर द्राक्षांचे कितीही सुंदर चित्र असो, यकृताला चित्र दिसत नाही. पूर्वी वर्तमानपत्रे रेड वाइन हृदयाला चांगली म्हणून छापत. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. तेव्हा औषध म्हणून घेतो, ही सबबही गेली. मी आवडते म्हणून घेतो.

आवडते म्हणून घेतो, म्हणूनच मोजून घेतो. आमच्या घरात मोजपात्र आहे. मी आणि शेजारी शंभर-शंभर, सौ. पन्नास. एकूण अडीचशे. शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन जेवणे, की ७५० मिलीची बाटली संपली. उघडलेली वाइन फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगली राहते, म्हणजे हिशेब जुळतो. उरलेली लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवली की हवा कमी लागते. पुढची बाटली पंधरा दिवसांनी. पेल्यात ओतली की आधी झाकण लावायचे, बाटली फ्रिजमध्ये ठेवायची आणि मगच जेवायला बसायचे. ताटाशेजारी बाटली नाही. दारू सोडलेला कोणी पाहुणा घरी असेल तर बाटली निघतच नाही, ताक निघते. राज्याच्या १९४९च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो, तोही काढला आहे. हसणारे हसोत!

आणि शेवटचा नियम उन्हाळ्याने घालून दिला. मार्च संपला की घरात बाटली नसते, ती थेट दिवाळीनंतर येते. लोकांना सांगतो की उन्हाळ्यात वाइन टिकत नाही, आणि ते खरेच आहे. पण त्यात माझी परीक्षाही आहे. एप्रिलचा पहिला शुक्रवार येतो, ताटावर बसतो, आणि पेल्याची आठवण होते की नाही ते पाहतो. आजवर झाली ती सांबारवडीची झाली. ज्या वर्षी पेल्यासाठी जीव कासावीस होईल, त्या वर्षी दिवाळीनंतर खरेदी नाही, असे मी दादांना कबूल केले आहे. दादांचे समाधान झालेले नाही. "कबूल करायची पाळी तरी काहून आणली?" असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही आणि त्यांनीही माझ्याशी बोलणे सोडलेले नाही. दोघे भाऊ या वयात इतपत मतभेद सांभाळू शकतो, हे मला कमी वाटत नाही.

तेव्हा भाचे-पुतणे हो, तुमच्या फोनचे उत्तर : बाटली शोकेसमधून काढा, कागदात गुंडाळा, भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि महिनाभरात चारचौघांत मोजून संपवा. बाटलीबद्दल शंका आली तर उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आला तर कांद्यावर टाका, मुरंब्यासारखा आला तर फेकून द्या, दुःख करू नका.

दिवाळीनंतर बाजारात सांबार स्वस्त होतो. तेव्हा वाडीला या. वड्या गरम मिळतील. पेला घेतलाच पाहिजे असे नाही, आमचे ताकही चांगले असते.