डिसेंबरचं उत्तर आणि माझी घाई

अमेरिकेतल्या बऱ्याच महाविद्यालयांत नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच लवकरचा अर्ज करता येतो. डिसेंबरच्या मध्यावर उत्तर येतं: प्रवेश, नकार, नाहीतर निर्णय पुढे ढकलला. माझ्या मुलीला हे तिसरं उत्तर आलं. तिचा अर्ज आता इतर सगळ्या अर्जांबरोबर पुन्हा वाचला जाणार होता, निकाल मार्चअखेर. मधल्या काळात जे चुकलं ते तिचं नव्हे, माझं.

माझा सोलापुरात टॉवेलचा धंदा, अक्कलकोट रोडला माग आहेत. पैसे अडकले की पार्टीला रोज फोन करायचा, वेळ पडली तर दारात जाऊन बसायचं, ही इथली रीत. कॉलेजशीही मी तसाच वागलो. तिच्या खात्यावरून, तिच्या नावाने, मीच मेल करू लागलो. अर्जाचं काय झालं, कधी कळेल, पुन्हा पुन्हा तेच. ओळखीच्या एका पुढाऱ्याचं शिफारसपत्र आणलं. त्यांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची प्रमाणपत्रं, वक्तृत्वाची बक्षिसं, सगळं स्कॅन करून पाठवलं.

डिसेंबरच्या पत्रात कॉलेजने मागितल्या होत्या दोनच गोष्टी. शाळेकडून बारावीच्या सहामाहीचे गुण, आणि नवीन काही सांगण्यासारखं असेल तर विद्यार्थ्याचं एक छोटं पत्र. मी कॉलेजचं ते पत्र शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं. गुण शाळेनेच पाठवायचे असतात. तिकडच्या शाळांत त्यासाठी वेगळा समुपदेशक असतो. आपल्याकडे हे काम प्राचार्यांवर येतं, आणि जानेवारीपासून त्यांच्यामागे प्रात्यक्षिकं आणि बोर्डाची परीक्षा. आठवण मीच करून द्यायला हवी होती. मी शाळेत पोचलो तेव्हा फेब्रुवारी सरत आला होता.

तिच्या पत्राचं मला जास्त लागून राहिलंय. त्या हिवाळ्यात ती रविवारी पहाटे हिप्परगा तलावावर जायची, पाणपक्ष्यांच्या नोंदी ठेवायची. गड्ड्याची यात्रा भरली होती तेव्हाही तिने खाडा केला नाही. पाणी ओसरेल तसे काठच्या चिखलात कोणते पक्षी उतरतात, किती दिवस थांबतात, सगळं वहीत तारीखवार. कुणी सांगितलं नव्हतं, प्रमाणपत्र मिळणार नव्हतं. त्यावर तिने पानभर लिहून मला दाखवलंही. मी म्हणालो, ‘‘पक्ष्यांचं काय सांगायचं गं त्यांना?’’ ती म्हणाली, ‘‘पप्पा, नवीन तेच तर आहे.’’ मी ते पान बाजूला ठेवलं.

मार्चअखेर नकार आला. तो माझ्यामुळेच आला असं म्हणता येणार नाही. जिथे जागा थोड्या असतात तिथे पुढे ढकललेल्यांतल्या बहुतेकांना नकारच मिळतो. पण ती खरी कशी आहे हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही, आणि ते माझ्यामुळे. मी तिची माफी मागितली. ती आता पुण्यात प्राणिशास्त्र शिकते.

येत्या डिसेंबरात ज्यांच्या घरी असं उत्तर येईल त्यांना माझी विनंती आहे. आलेलं पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. काही कॉलेजं जादा कागद घेतच नाहीत, तेही त्यातच लिहिलेलं असतं. सहामाहीच्या गुणांसाठी प्राचार्यांना लगेच भेटा. आणि पत्र मुलांना स्वतःला लिहू द्या.