चढणीचा जोड, मुक्कामाचा जोड

कल्याण आगारातून माळशेजमार्गे जुन्नरला जाणारी एस.टी. धरावी, मुरबाड आणि टोकावडे मागे टाकून वैशाखऱ्याच्या पुढे उतरावे आणि जंगलातून वर लागावे. तीन तासांत नाणेघाट. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरचा माल याच वाटेने जुन्नरला चढत असे. वाट आजही जागोजागी दगडांनी बांधलेली आहे. माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. तो यज्ञांचा आणि दक्षिणेचा लेख, त्यात आपले काय, असे आमच्यातील तरुण म्हणतात. आम्ही पडलो कारकून. त्यातले आकडेच पाहत बसतो. याच लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. नावे भिंतीवर शाबूत आहेत, पुतळे गेले आणि तळाशी पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. आज पावलांविषयीच लिहायचे आहे, म्हणून हे सांगितले.

दोन वर्षांपूर्वी विहारातील पंधरा मुलामुलींना घेऊन आम्ही ऐन पावसात हा घाट चढलो. ज्या तीन महिन्यांत भिक्खू चारिका थांबवून वर्षावास करतात, त्याच महिन्यांत तुम्ही चालायला निघालात, असे एका ज्येष्ठ उपासकांनी आम्हाला टोकलेही होते. त्यांचे ऐकले असते तर बरे झाले असते. घाटघरला एका घराच्या पडवीत मुक्कामाला पोहोचलो तेव्हा प्रत्येकाच्या बुटात पाणी होते आणि दुसरा जोड कुणाकडेच नव्हता. काहींनी ओले बूट तसेच पायांत ठेवले. काही अनवाणी फिरले. त्यातल्या एकाच्या टाचेत अंधारात काटा मोडला. दिवसभर भिजून मऊ झालेली कातडी बुटाच्या कडेने सोलली जाते, हे आम्ही सकाळी मुलांचे पाय पाहून शिकलो. दुसऱ्या दिवशी लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या निम्मी मुले लंगडत चढली. सहाव्या लेण्यातील चैत्यगृहात वंदनेसाठी बूट काढले, ते पुन्हा पायांत घालताना एक मुलगी रडली.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, डोंगरावर मुक्काम असेल तर दोन जोड हवेत. एक चढण्याचा, दुसरा मुक्कामावर घालण्याचा. दुसरा जोड म्हणजे चैन नव्हे. दिवसभर चालून पाय सुजतो, घामाने भिजतो. त्याला मोकळी हवा मिळाली नाही तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. आणि रात्री पाण्याला किंवा परसाकडे जाताना काटा आहे, विंचू आहे.

पण दुसरा जोड पाठीवर वाहून न्यायचा असतो. आम्ही वस्तीतील वाण्याच्या तराजूवर एकेक जोड ठेवून वजने टिपली. वाणी हसला, पण त्याने वजन चोख करून दिले. रबरी हवाई चप्पल २८० ग्रॅम. फोमचा, पुढून झाकलेला व मागे पट्टा असलेला जोड ३२० ग्रॅम. कॅनव्हासचा बूट ६४० ग्रॅम. पट्ट्यापट्ट्यांची फ्लोटर ७६० ग्रॅम. हे आमच्या हाती आलेल्या जोडांचे आकडे. मापाप्रमाणे फरक पडेल.

फ्लोटर मजबूत, ओढा ओलांडायला उत्तम, पण नुसत्या मुक्कामासाठी पाऊण किलो कोण वाहणार? कॅनव्हास भिजले की वाळत नाही. हवाई चप्पल सर्वांत हलकी आणि घरात असतेच, म्हणून ती नेऊ नका असे आम्ही म्हणणार नाही. मात्र अंगठ्याची चप्पल मोज्यांवर घालता येत नाही आणि डिसेंबरात घाटघरच्या थंडीत मोजे लागतात. शिवाय पट्टा निसटतो; एक सेफ्टी पिन सोबत असू द्यावी. राहिला फोमचा जोड. तो पाणी पीत नाही, झटकला की कोरडा होतो, पुढून झाकलेला असल्याने बोटे वाचतात आणि मागच्या पट्ट्यामुळे पाय सुटत नाही. त्याचे दोष दोन. शेवाळलेल्या दगडावर तो घसरतो, म्हणून त्याने घाट चढू-उतरू नये. आणि तो फुगीर असतो, सॅकमध्ये जागा खातो. त्याच्या पोकळीत मोजे, साबण, टॉर्च भरावा आणि तळव्याला तळवा लावून पिशवीत गुंडाळावा. सॅकबाहेर लोंबकळत ठेवला तर कारवीत अडकून एक पाय गळून पडतो. दुसऱ्या पायाचे मग काय करायचे? खरेदी संध्याकाळी करावी, कारण तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो आणि माप बरोबर कळते.

एवढे ठरवून आम्ही पुढच्या सहलीची यादी काढली, तर रडली होती त्या मुलीचे नाव त्यात नव्हते. घरी गेलो. तिच्या आई धुणीभांडी करतात. म्हणाल्या, "भाऊ, शाळेचा एकच बूट हाय. तुम्ही दोन-दोन जोड सांगता. कुठून आणू?" आम्ही चहा घेतला आणि काही न बोलता परत आलो.

आमचे मूळ गाव जुन्नर तालुक्यातलेच. आमचे आजोबा पाटलाच्या वाड्यापुढून जाताना वहाणा काढून हातात घेत. १९५६ साली धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर त्यांनी वहाणा हातात घेतल्या नाहीत. त्यावरून गावात काय झाले ते आजी सांगत असे. त्या घरातला माणूस मुलांसाठी पादत्राणांची यादी काढतो आणि त्या यादीपायी एक मूल घरी राहते!

विनयपिटकातील सोण कोळिविसाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असेल. चंपानगरीच्या श्रेष्ठीचा हा मुलगा भिक्खू झाला आणि चंक्रमण करता करता त्याच्या कोवळ्या पायांतून रक्त आले. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला आणि एका तळाची वहाण वापरण्याची अनुज्ञा दिली. सोण म्हणाला, मला एकट्याला नको; संघाला मिळणार असेल तर मीही घालीन. तेव्हा ती सर्व भिक्खूंना मिळाली. पुढे दुसऱ्या एका सोणाने, सोण कुटिकण्णाने, महाकच्चायनांचा निरोप आणला की अवंती-दक्षिणापथातली जमीन काळी आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे. तेव्हा अशा प्रदेशांसाठी अनेक तळांच्या वहाणांचीही अनुज्ञा झाली. जमीन पाहून नियम बदलला.

रविवारच्या बैठकीत आम्ही विषय मांडला. जोड ज्याने त्याने आणायचे नाहीत, मंडळाने घ्यायचे. एकाने विचारले, विहाराचा पैसा चपलांवर? त्याला आम्ही जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेख सांगितला. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची त्यात नोंद आहे. बी.कॉम.ला हे कुणी शिकवले नाही. बराच वाद झाला, अखेर ठराव झाला. उल्हासनगरच्या बाजारातून फोमचे वीस जोड घेतले, सगळे निळे, नगाला १४० रुपये. मापे लहान-मोठी घेतली आणि वहीत जमा केली. सहलीला जाणाऱ्याने न्यायचे, धुऊन परत आणायचे.

गेल्या डिसेंबरात पुन्हा घाटघर. या वेळी अठरा मुले होती आणि ती मुलगीही होती. शाळेचा बूट तिने चढणीला घातला होता. पडवीत शिरण्याआधी सर्वांनी चढणीचे बूट काढले, मोजे दोरीवर टाकले आणि निळे जोड घातले. एका बहाद्दराने आपला जोड ऊब मिळावी म्हणून चुलीजवळ ठेवला. फोम आक्रसून तो सहा वर्षांच्या पोराच्या मापाचा झाला. वहीत त्याची "एक जोड, बाद" अशी नोंद आहे.

जेवायला बसताना पडवीबाहेर सतरा निळ्या जोडांची रांग लागली. उठल्यावर कुणाचा कोणता ते कळेना. बराच गोंधळ झाला. त्या मुलीने तेवढा आपला जोड लगेच उचलला. आतल्या बाजूला तिने पेनाने नाव लिहिले होते. जोड मंडळाचा आहे, त्यावर नाव लिहायचे नाही, असे सांगायला आम्ही तोंड उघडले होते. मग राहू दिले.