कोंढाणे लेणी आणि 'उदासीन' पालक

मुलांना लेणी दाखवायला नेणार असाल तर आधी एकदा स्वतः जाऊन या. मी त्यासाठीच एका रविवारी कोंदिवड्याहून वाटाड्या घेऊन कोंढाण्याला गेले. वाटाड्या निघाले आमच्याच ठाकुरवाडीतल्या एका विद्यार्थिनीचे वडील! शनिवारच्या पालकसभेला हे कधीच येत नाहीत, म्हणून 'पालक उदासीन' अशी नोंद मीच केलेली.

राजमाचीच्या पायथ्याचं जंगल, खाली उल्हास नदी. चैत्य सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. बरेचसे खांब खालून तुटलेत, पण दर्शनी भागात दगडात केलेली लाकूडकामाची नक्कल बघतच राहावी अशी. डावीकडे मोडक्या मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे.

"बाई, शनवार-रविवारी लोकांना घेऊन येतो. काय लिवलंय विचारतात. मला नाय सांगता येत."

शनवार-रविवार! मी काही क्षण गप्पच झाले. मग सांगितलं, "कण्हाचा शिष्य बलक, त्यानं हे केलं." त्यांनी ते तीनदा म्हणून पाठ केलं.

सोमवारी त्यांची लेक वर्गात म्हणाली, "बाई, बलकनं आधी त्याच्या गुरुजींचं नाव लिवलं ना?"

ती नोंद मी खोडली. पालकसभा आता बुधवारी असते.